उभ्या गाडीची बॅटरी आणि गॅरेजचे शटर : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नाशिकला आमच्या घराखाली दहा फूट रुंद लोखंडी शटर असलेले गॅरेज आहे. त्यात एक पेट्रोल गाडी आणि एक जुनी मोटारसायकल उभी असते. रोजची ये-जा विजेवरच्या स्कूटरवर होऊ लागल्यापासून गाडी महिन्यातून एकदा, फार तर दोनदा बाहेर निघते. तिची पहिली बॅटरी दोन वर्षे टिकली आणि दुसरी चौदा महिन्यांतच थकली. गेल्या वर्षी मे महिन्यात एका रात्री बाबांना दवाखान्यात न्यायचे होते आणि सेल्फ मारल्यावर नुसती टकटक ऐकू आली. शेजाऱ्यांनी त्यांची गाडी काढली म्हणून वेळ निभावली. त्यानंतरच्या आठवड्यात मी बॅटरीची निगा राखणारा चार्जर आणि शटर फोनवरून चालवण्याचे वाय-फाय मॉड्यूल अशा दोन वस्तू विकत घेतल्या. आता त्यांनी एक पूर्ण पावसाळा, एक हिवाळा आणि जवळजवळ सगळा उन्हाळा पाहिला आहे. कंपन्यांची नावे मी देत नाही, कारण याच प्रकारच्या वस्तू अनेक नावांनी मिळतात आणि विकत घेताना नावापेक्षा त्यांच्या आतील सोयी तपासणे महत्त्वाचे आहे.

चार्जर लावण्यापूर्वी बॅटरी उतरते कशामुळे, हे मोजून पाहिले. गाडी बंद करून, दारे लावून अर्धा तास थांबलो, म्हणजे आतील इलेक्ट्रॉनिक्स झोपी जाते, आणि मग ऋण टर्मिनलच्या वायरमध्ये प्रवाह मोजणारा मल्टिमीटर जोडला. प्रवाह ३८ मिलिअँपिअर निघाला. आकडा लहान दिसतो, पण दिवसाला सुमारे ०.९ अँपिअर-अवर या हिशेबाने तो महिन्याला २७ अँपिअर-अवरच्या पुढे जातो, आणि आमच्या बॅटरीची एकूण साठवण ४५ अँपिअर-अवर आहे. म्हणजे महिनाभर उभी राहिलेली गाडी निम्म्याहून अधिक बॅटरी स्वतःच संपवत होती. यातले २२ मिलिअँपिअर नंतर बसवून घेतलेला जीपीएस ट्रॅकर खात होता. तो काढल्यावर आकडा १६ वर आला. एका परिचितांनी फास्टॅगवरही संशय घेतला होता, पण फास्टॅगला गाडीची वीज लागतच नाही. टोल नाक्यावरील यंत्राच्या रेडिओ लहरींवरच तो उत्तर देतो.

शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली असेल, तर तिचा दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली आणि १२.२ म्हणजे अर्धी. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत ती आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि तेवढा भाग पुन्हा भारित होत नाही. आमच्या दोन्ही बॅटऱ्या अशाच गेल्या असणार. महिन्यातून एकदा गाडी दहा मिनिटे चालू करून ठेवण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो आणि मीही तो वर्षानुवर्षे पाळला. परंतु सेल्फ मारताना खर्च झालेली वीज भरून निघाली, तरी आधीच्या महिन्याचा तोटा जागेवर उभ्या गाडीच्या दहा मिनिटांत भरून निघत नाही.

मी घेतलेला चार्जर पाच अँपिअरचा आहे. तो आधी बॅटरीची स्थिती तपासतो, मग १४.४ व्होल्टपर्यंत भरतो, थोडा वेळ थांबून दाब टिकतो का ते पाहतो आणि त्यानंतर १३.६ व्होल्टच्या फ्लोट अवस्थेत जातो. या अवस्थेत बॅटरी जेवढी गमावते, तेवढेच तिला परत मिळते. स्वस्तातला साधा चार्जर आणि हा, यांतला खरा फरक इथेच आहे. साधा चार्जर विसरून आठवडाभर लावून ठेवला, तर तो पाणी उकळवून बॅटरी कोरडी करतो. घेताना खोक्यावर ‘फ्लोट’ किंवा ‘मेंटेनन्स’ ही अवस्था लिहिलेली आहे का आणि आपली बॅटरी कोणत्या प्रकारची आहे, हे पाहून घ्यावे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाड्यांमध्ये बहुधा वेगळ्या प्रकारची बॅटरी असते आणि तिला वेगळी सेटिंग लागते.

जोडणीबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. लाल चिमटा आधी धन टर्मिनलला लावावा, काळा चिमटा बॅटरीपासून दूर गाडीच्या उघड्या धातूला लावावा आणि भिंतीवरचे बटण त्यानंतरच सुरू करावे. काढताना हाच क्रम उलटा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला, तर एका ठिणगीने पेटू शकतो, म्हणून शटरच्या वरची जाळी मी कधीही झाकत नाही. रोज चिमटे लावणे होत नाही, हे पहिल्या महिन्यातच कळले. म्हणून कायमची छोटी वायर बसवून तिचे टोक ग्रिलमधून बाहेर काढले. उंदरांनी ती ऑगस्टमध्ये कुरतडली. आता ती लवचीक धातूच्या नळीतून नेली आहे.

अकरा महिन्यांत बॅटरीचा दाब एकदाही १२.६ च्या खाली दिसला नाही. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीतही सेल्फ पहिल्या झटक्यात लागला. फ्लोट अवस्थेत चार्जर सुमारे दोन वॉट वीज घेतो, म्हणजे महिन्याला दीड युनिटसुद्धा नाही. उणीव म्हणाल तर ती उन्हाळ्यात जाणवली. दुपारी गॅरेजचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि अशा उष्णतेत फ्लोटचा दाब थोडा कमी हवा, पण या चार्जरला तापमान ओळखणारी वायर नाही. त्यामुळे मार्चपासून मी त्याला टायमर लावून रात्रीच चालवतो. पुन्हा घेताना तापमानानुसार दाब बदलणाराच घेईन, मग हजार-दीड हजार अधिक लागले तरी चालतील.

शटरच्या बाबतीत अनुभव इतका सरळ नाही. मोटर सहा वर्षांपूर्वी बसवलेली, २४ व्होल्टची. कंट्रोल बॉक्समध्ये वर, थांबा आणि खाली अशी तीन वेगवेगळी टर्मिनल आहेत आणि भिंतीवरचे बटण त्यांनाच जोडलेले आहे. दोन चॅनेलचे, म्हणजे दोन वेगळे हुकूम देऊ शकणारे वाय-फाय मॉड्यूल मी याच टर्मिनलना समांतर जोडले. अशा कामासाठी ज्याच्या रिलेतून, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचमधून, स्वतःची वीज बाहेर पडत नाही, फक्त दोन वायरी क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात, असेच मॉड्यूल लागते. २३० व्होल्ट बाहेर सोडणारे मॉड्यूल इथे लावले, तर कंट्रोल बॉक्स जळेल. ज्यांच्याकडे एकाच बटणाने उघडणे, थांबणे आणि बंद होणे आळीपाळीने चालते, त्यांनी अधिक सावध राहावे, कारण फोनवरून बटण दाबल्यावर नेमके काय होईल हे शटर आधी कुठे थांबले होते त्यावर ठरते.

जुलैमध्ये एका पावसाळी रात्री वीज गेली आणि पहाटे केव्हातरी परत आली. सहा वाजता खाली उतरलो तेव्हा शटर पूर्ण उघडे होते. चोरीला काही गेले नाही, पण तो धक्का अजून विसरलेलो नाही. शोध घेतल्यावर कळले, की वीज परत आल्यावर रिले कोणत्या स्थितीत सुरू व्हावा याची एक सेटिंग असते आणि आमच्या मॉड्यूलमध्ये ती ‘चालू’वर होती. वीज येताच रिले क्षणभर जोडला गेला आणि शटरने तो वर जाण्याचा हुकूम मानला. आता ती सेटिंग ‘बंद’वर आहे आणि मॉड्यूल व राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत. असे मॉड्यूल बसवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी मेन स्विच बंद-चालू करून ही परीक्षा घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माहितीपत्रकात हा मुद्दा अगदी बारीक अक्षरांत असतो.

त्या पहाटेने आणखी एक उणीव दाखवली. शटर उघडे आहे की बंद, हे फोनला ठाऊकच नव्हते, त्याला फक्त शेवटचा हुकूम ठाऊक होता. म्हणून शटरच्या सर्वांत खालच्या पट्टीवर लोहचुंबक आणि बाजूच्या खांबावर चुंबकीय सेन्सर बसवला. पट्टी जमिनीला टेकली, तरच फोनवर ‘बंद’ असे दिसते. शटर दहा मिनिटांहून अधिक उघडे राहिले, तर माझ्या आणि पत्नीच्या फोनवर सूचना येते. खरे सांगायचे तर फोनवरून शटर उघडण्याची वेळ महिन्यातून दोन-तीनदाच येते, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते बंद आहे याची खात्री मात्र मी रोज करून घेतो. नुसता हा सेन्सर बसवला असता, तरी निम्म्याहून अधिक काम झाले असते.

फोटोसेलशिवाय, म्हणजे वाटेत काही आडवे आले तर प्रकाशाच्या किरणावरून ते ओळखून शटर थांबवणाऱ्या सेन्सरशिवाय, शटर दुरून बंद करू नये, या मतावर मी ठाम आहे. समोर नसलेल्या माणसाने खाली सोडलेल्या लोखंडी शटरखाली मूल किंवा मांजर असू शकते. अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या स्वयंचलित दारांना अडकण्यापासून वाचवणारी अशी अतिरिक्त सोय असणे १ जानेवारी १९९३ पासून कायद्याने बंधनकारक आहे आणि तिथे फोटोसेल जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवतात. आमचा शटरवाला तो कमरेच्या उंचीवर लावणार होता, मी आग्रहाने खाली लावून घेतला. पावसाळ्यात त्याच्या काचेवर कोळ्याचे जाळे धरले, की शटर खाली येण्यास नकार देते. हा त्रास मी आनंदाने सोसतो, कारण शंका आल्यावर त्याने थांबणेच योग्य आहे.

बाबा आजही भिंतीवरचेच बटण वापरतात आणि ते इंटरनेटवर अवलंबून नाही, हे मला फार मोलाचे वाटते. सप्टेंबरमध्ये दोन दिवस इंटरनेट बंद होते, तेव्हा फोनवरचे ॲप निकामी झाले, पण बटण आणि रिमोट चालू राहिले. नंतर मी मॉड्यूल घरच्या नेटवर्कवरूनच चालेल अशी व्यवस्था केली. ते वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालते आणि वरच्या मजल्यावरचा राउटर स्लॅब ओलांडून खाली नीट पोहोचत नव्हता, म्हणून जिन्यात वाय-फाय पुढे पोहोचवणारा एक एक्स्टेंडर लावावा लागला.

सगळ्यांत मोठी चूक डिसेंबरमध्ये उघडकीस आली. वीज गेलेली असताना शटर अर्ध्यावर थांबले. या मोटरच्या बॉक्समध्ये वीज नसताना वापरण्यासाठी १२ व्होल्टच्या, ७ अँपिअर-अवरच्या दोन सीलबंद बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. गाडीच्या बॅटरीची इतकी काळजी घेणाऱ्या मला सहा वर्षांत या बॅटऱ्यांची आठवणही झाली नव्हती. मोजल्यावर दोन्ही ठीक वाटल्या, पण मोटर चालू होताच त्यांतल्या एकीचा दाब ८ व्होल्टवर कोसळला. एका रांगेत जोडलेल्या बॅटऱ्यांत एक दुबळी असली, की जोडीला मिळणारा दाब दोघींत सारखा वाटला जात नाही. मी दोन्ही सोडवल्या आणि चार्जरवरच्या मोटारसायकलसाठीच्या ०.८ अँपिअरच्या सेटिंगवर एकेक करून भरल्या. एक सावरली, दुसरी सावरली नाही. जुनीसोबत नवी जोडू नये, म्हणून दोन्ही बदलल्या आणि बॉक्सच्या झाकणावर आतून तारीख लिहून ठेवली. आता दर तीन महिन्यांनी मेन स्विच बंद करून शटर दोनदा वर-खाली करतो आणि त्या वेळी प्रत्येक बॅटरीचा दाब वेगवेगळा मोजतो. पुढची तपासणी पाऊस सुरू होण्याआधी, येत्या रविवारी आहे आणि त्याच वेळी फोटोसेलच्या काचेवर लहानसे छप्पर बसवायचे आहे.