संत गोन्सालोंच्या नावाने घरात आलेली डबी

गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. इथे जन्मले, जपानला गेले, फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर भाल्यांनी मारले गेले. भारतात जन्मलेले पहिले संत. त्यांचा पवित्र अवशेष, म्हणजे हाडाचा वगैरे जपून ठेवलेला कण, आपल्या घरी असावा, असं माझ्या आईला कित्येक वर्षं वाटायचं. त्याच इच्छेवर मला 85 हजारांना फसवलं. वसईतले, गोव्यातले, आखातात गेलेले आपले लोक अशा वस्तू शोधत असतात, म्हणून सगळं सांगतो.

जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन गटात फोटो दिसला. अंडाकृती पितळी डबी, पुढे काच, आत लाल रेशमावर हाडाचा कण, खाली लॅटिन चिठ्ठी. मागे लाखेचा शिक्का. सोबत अवशेष खरा असल्याचं 1741 चं प्रमाणपत्र. विकणारा स्वच्छ मराठी बोलायचा, मला 'भाऊ' म्हणायचा. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा एका पोर्तुगीज कुटुंबाने ही डबी लिस्बनला नेली, आता ती वसईलाच परतावी, असं त्याने सांगितलं. आमचाच इतिहास त्याने आम्हाला विकला. अवशेष विकता येतात का, असं मी विचारलंही होतं. तो म्हणाला, "भाऊ, पैसे डबीचे. अवशेष तर भेट."

तिथेच थांबायला हवं होतं. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, 1190 व्या कलमानुसार पवित्र अवशेष विकायला सक्त मनाई आहे आणि 'किंमत फक्त डबीची' ही ठरलेली पळवाट आहे. मी 60 हजार भरले. मग 'पार्सल कस्टममध्ये अडकलंय' म्हणून आणखी 25, तेही कुणा माणसाच्या खात्यावर यूपीआयने. सरकारी ड्युटी खासगी खात्यावर कोणी घेत नाही, हे एरवी मला कळलं असतं. पण आईचं वय 81, फेब्रुवारीतला सण तोंडावर आलेला.

डबी आली. रोज संध्याकाळी रोझरी झाली की आई तिच्या काचेवर ओठ टेकवायची. असे दोन महिने गेले.

मग ओळखीचे एक फादर घरी आले. त्यांनी भिंग मागितलं आणि आधी चिठ्ठीच वाचली. नावाआधी 'एस' होता, सांक्तुस, म्हणजे संत. "कागद 1741 चा ना? तेव्हा ते संत कुठे झाले होते?" गोन्सालोंना 1627 मध्ये धन्यवादित म्हटलं गेलं, ही संतपदाच्या आधीची पायरी; संतपद मिळालं 8 जून 1862 ला, नववे पायस पोप असताना. मधल्या काळातल्या चिठ्ठीवर 'बी' हवा, बेआतुस. नावानंतर रक्तसाक्षीचा, म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करलेल्याचा, 'एम' हवा होता, तिथे 'सी' होता. जे संत शहीद झाले नाहीत, त्यांना लावायचं ते अक्षर. आणि हे क्रुसावर मेलेल्या माणसाच्या नावापुढे!

नंतर त्यांनी डबी उलटी केली. खऱ्या डबीत आतला भाग मागून रेशमी दोऱ्यांनी बांधतात, दोऱ्यांवर लाख ओतून शिक्का मारतात आणि तोच शिक्का प्रमाणपत्रावरही असतो. लाख फोडल्याशिवाय किंवा दोरे तोडल्याशिवाय आत हात घालता येत नाही. आमच्या डबीची रेशमी चकती फादरांच्या नखाने अलगद बाहेर आली, लाख जशीच्या तशी. दोरे कशालाच बांधलेले नव्हते, नुसते गोंदाने चिकटवलेले. चिठ्ठीवरची अक्षरं भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांची दिसत होती. प्रिंटरची.

मी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. फसलात तर त्याच दिवशी फोन करा, लवकर कळवलं तर रक्कम गोठवण्याची शक्यता असते. आणि कोणी अवशेष दाखवलाच, तर पैसे देण्याआधी चिठ्ठीचे, मागच्या शिक्क्याचे, प्रमाणपत्राचे जवळून फोटो मागवा आणि आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना दाखवा. मी हे दोन महिने उशिरा केलं.

आईला सांगणं सगळ्यात जड गेलं. ती काही बोलली नाही. डबी तिने स्वतःच्या हाताने वेदीवरून काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्याकडे दिली.

गेल्या आठवड्यात तसाच 1741 चा कागद, तशीच 'एस' लिहिलेली चिठ्ठी, दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला लागलेली पाहिली. या वेळी म्हणे ती गोव्यातल्या एका जुन्या घरातून आली आहे.