दंडावरचा सेन्सर आणि हातातलं स्टिअरिंग: ११ महिन्यांचा अनुभव

मला टाइप १ मधुमेह होऊन २४ वर्षं झाली, गाडी चालवायला लागून १९. दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर गेले ११ महिने मी सलग वापरतेय. सेन्सरबद्दल लिहिणारे बहुतेक जण जेवणानंतरच्या आलेखाबद्दल आणि तीन महिन्यांच्या सरासरीबद्दल लिहितात. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: गाडी चालवताना याच्यावर किती विसंबायचं? म्हणून हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच. कंपनीचं नाव लिहीत नाही.

सेन्सर का घेतला ते आधी सांगते. संध्याकाळची वेळ, रोजचा रस्ता, मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची मुलगी. ती म्हणाली, "आई, आपलं वळण गेलं." मी "हो" म्हटलं आणि पुढचंही वळण सोडलं. मग ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, तू ऐकत का नाहीयेस? गाडी थांबव ना!" त्यातला 'थांबव' तेवढा माझ्या डोक्यात शिरला. गाडी बाजूला घेतली, बोट टोचून शुगर मोजायचा मीटर काढला. पट्टी मी दोनदा उलटी घातली. तिसऱ्यांदा नीट बसली आणि आकडा आला ४७.

घाम नव्हता. हात थरथरत नव्हते. भूक लागली नव्हती. मला तर वाटत होतं की मी अगदी व्यवस्थित गाडी चालवतेय.

हीच यातली सगळ्यात भीतीची गोष्ट आहे, म्हणून जरा थांबून सांगते. शुगर ७० च्या खाली जायला लागली की एरवी शरीर आरडाओरडा करतं: धडधड, दरदरून घाम, थरथर. पण मधुमेह बरीच वर्षांचा असेल आणि शुगर वारंवार लो होत असेल, तर हा आरडाओरडा हळूहळू बंद पडतो. मेंदू चालतो ग्लुकोजवर, त्यामुळे ५४ च्या खाली विचार करण्याची ताकदच कमी होते. म्हणजे 'आता गाडी थांबवावी' हे ज्याने ठरवायचं, तोच आधी गळपटलेला असतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांमध्येही धडधड आणि थरथर दबून जाते. त्यांनी घामाकडे नीट लक्ष द्यावं, तो बहुधा येतो.

डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "दोन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही." इन्सुलिन कमी केलं, शुगर थोडी वर ठेवायला सांगितली. काही आठवडे एकदाही लो झालं नाही, तर शरीराचे इशारे काही प्रमाणात परत येतात. माझे आले, पूर्वीइतके ठळक नाहीत. मग गाडी परत हातात आली, पण सेन्सरच्या अटीवर.

आता वस्तूबद्दल. नाण्याएवढी चकती. दंडाच्या मागच्या बाजूला यंत्राने टक्कन लावायची, चिमट्याइतकंच दुखतं. केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली राहतो, दर मिनिटाला फोनवर आकडा येतो, १४ दिवस चालतं. मला चिकटपट्टीमुळे खाज येते, म्हणून दंड आलटून पालटून वापरते.

पैसे वसूल होतात ते आकड्यामुळे नाही, आकड्याशेजारच्या बाणामुळे. शुगर कुठे चाललीय ते तो दाखवतो. गेल्या महिन्यातली गोष्ट. निघण्यापूर्वी बोट टोचलं तर १०४. इन्सुलिनवर असलेल्याने ९० च्या वर असल्याशिवाय गाडी काढू नये, हा हिशेब मी पाळते. त्या हिशेबाने १०४ म्हणजे खुशाल निघा. फोन बघितला तर १०६ आणि बाण सरळ खाली. माझ्या सेन्सरवर सरळ खाली बाण म्हणजे मिनिटाला २ पेक्षा जास्त वेगाने घसरण. २० मिनिटांत ४० उतरले की राहिले ६४, आणि विसाव्या मिनिटाला मी नेमकी भरधाव वाहतुकीत असले असते. ग्लुकोजच्या गोळ्या घेतल्या, पाऊण तास घरीच बसले, बाण आडवा झाल्यावर निघाले. एकटा मीटर मला हे कधीच सांगू शकला नसता. त्याचा आकडा बरोबर होता, पण तो त्या क्षणापुरताच.

अलार्मबद्दल माझं स्पष्ट मत आहे. सेन्सरवर तो आपोआप ७० ला लावलेला येतो. चालकाला ७० हा फार उशीर आहे. हा तंतू रक्तातली शुगर मोजत नाही, पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातली मोजतो आणि रक्ताच्या साधारण ५ ते १० मिनिटं मागे असतो. शुगर वेगाने उतरत असताना फोनवर ७० दिसतं तेव्हा रक्तात ५५ असू शकते. त्यात गाडी सुरक्षित जागी थांबवायला वेळ लागतो तो वेगळाच. मी अलार्म ८५ ला ठेवलाय. विनाकारण वाजतो का? हो, वाजतो. पण वाजला की थांबते, बघते, पुन्हा निघते. इतक्या महिन्यांत असे दहा-बारा थांबे झाले असतील, एकाचाही त्रास वाटला नाही.

आता तक्रार, आणि ती साधी नाही. गाडी सुरू झाली की माझा फोन आपोआप 'ड्रायव्हिंग' मोडवर जातो आणि सगळे आवाज बंद होतात. ॲपला यातून सूट देण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि फोनच्या एका अपडेटनंतर ती परवानगी निघून गेली होती. मला कळलं तेव्हा अलार्म येऊन १२ मिनिटं झाली होती. तोवर शुगर ७२ वर होती, निभावलं. ग्राहक सेवेला फोन केला, तर पलीकडच्या व्यक्तीने फोन बंद करून चालू करायला सांगितलं आणि पुढे तेच तेच वाक्य तीनदा वाचून दाखवलं. जिवाशी गाठ असलेल्या अलार्मची परवानगी गेली, तर ॲपने पूर्ण स्क्रीनवर लाल अक्षरांत सांगायला हवं. ते सांगत नाही. या एका गोष्टीसाठी मी एक तारा कापतेय, आणि कंपनीलाही तसं लेखी कळवलंय.

फोन डिकीतल्या बॅगेत टाकला तर सिग्नल तुटतो हेही लक्षात ठेवा. माझा समोरच्या स्टँडवर असतो, पण गाडी चालू असताना मी आकडा बघत नाही. ऐकायचं फक्त अलार्म. बघायचं ते गाडी उभी करून.

खोटे आकडेही येतात. सेन्सरवर दाब पडला की शुगर आहे त्यापेक्षा खूप कमी दिसते. झोपेत त्या कुशीवर वळलं की होतं हे बऱ्याच जणांना माहीत आहे. गाडीत दाराला दंड टेकवून बसल्यावरही माझं दोनदा झालं. लांबच्या प्रवासाआधी मी सेन्सर दारापासून लांबच्या दंडावर येईल असं बघते. शिवाय व्हिटॅमिन सी च्या मोठ्या डोसने काही सेन्सर चुकतात, काही पॅरासिटामॉलने. आपल्या सेन्सरची माहितीपत्रिका यासाठी तरी वाचाच.

म्हणूनच मीटर आणि पट्ट्या गाडीतून हद्दपार झालेल्या नाहीत. ब्रिटनमध्ये २०१९ पासून कारचालकांना सेन्सरचा आकडा चालतो. पण तो तिथल्या मापाने ४ मिलिमोल, म्हणजे आपल्या मापाने साधारण ७२, किंवा त्याखाली दिसला, किंवा अंगातलं वाटणं आणि आकडा जुळेना, तर बोट टोचून खात्री करणं तिथे बंधनकारक आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधीच्या दोन तासांत आणि पुढे दर दोन तासांनी शुगर बघायची, हाही तिथला नियम. तुमच्याकडे कायदा काहीही असो, मला ही शिस्त पटलेली आहे. फक्त मीटर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवून देऊ नका, पट्ट्या खराब होतात. माझा पर्समध्ये असतो.

शुगर लो झाल्यावर किंवा व्हायला लागल्यावर वाट बघणं हा सगळ्यात अवघड भाग, आणि तिथे सेन्सर गोंधळात पाडतो. माझी पद्धत अशी: गाडी बाजूला, इंजिन बंद, किल्ली काढलेली, मी ड्रायव्हरच्या सीटवरून दुसऱ्या सीटवर. ग्लुकोजच्या ४ ग्रॅमच्या चार गोळ्या, १५ मिनिटांनी तपासणी. या १५ मिनिटांत सेन्सर अजून खालचाच आकडा दाखवत राहतो, कारण तो मागे आहे. त्याचं ऐकून आणखी गोळ्या खाल्ल्या तर तासाभरात २५० होतात. इथे बोट टोचणंच खरं. आणि आकडा ९० च्या वर आल्यावरही ४५ मिनिटं थांबायचं. रक्त सावरतं तेव्हा मेंदू सावरलेला नसतो. पहिल्यांदा ही ४५ मिनिटं मला फार लांब वाटली होती. आता मुलगी बरोबर असेल तर आम्ही पत्ते काढतो. सीटबेल्ट लावण्याआधी ती विचारते, "आई, बाण कसाय?" आणि मी फोन तिच्यासमोर धरते.

सगळ्यांनी घ्यावा का? नाही. फक्त मेटफॉर्मिनवर असाल तर शुगर लो होण्याची शक्यता फार कमी, गाडीसाठी म्हणून हा खर्च नको. इन्सुलिनवर असाल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशी गोळी असेल आणि रोज गाडी चालवत असाल, तर डॉक्टरांशी जरूर बोला. डोळ्यांच्या पडद्याचं आणि पायांच्या बधिरपणाचं हा सेन्सर काहीच सांगत नाही. ब्रेकवर पाय नीट पडतोय का हे कळायला पायांची तपासणीच लागते. वर्षातून एकदा डोळे आणि पाय दोन्ही तपासून घ्या.

नातेवाईक विचारतात, "एवढी शुगर असून गाडी कशाला चालवतेस?" प्रेमापोटीच विचारतात. त्यांना मी सांगते, अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१२ मध्येच मांडलंय की निव्वळ मधुमेह आहे म्हणून कुणाला सरसकट गाडीपासून दूर ठेवू नये, प्रत्येकाची स्थिती वेगळी तपासावी. अलीकडच्या काळात गंभीर लो झालं होतं का, हा त्यातला सगळ्यात वजनदार प्रश्न. माझं त्या संध्याकाळी झालं होतं, म्हणून मी दोन महिने गाडी सोडली. ते योग्यच झालं. आज ११ महिन्यांत ७० च्या खाली एकदाही गाडीत गेले नाहीये, आणि याचं बरंचसं श्रेय मी या चकतीला देते.

पाचपैकी चार तारे.

चालू सेन्सर उद्या रात्री संपतोय आणि परवा पहाटे मला पाच तास गाडी चालवायचीय. नवा सेन्सर पहिला दिवसभर जरा भरकटतो, म्हणून उद्याची वाट न बघता आत्ताच बदलते. एक दिवस वाया जाईल, जाऊ दे.