हेक-रास टू-डी: पंचगंगेच्या पूरपट्ट्यावर काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, हेक-रास हे पुराचं पाणी कुठवर पसरेल ते काढणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कामाला दणकट आहे, पण पात्राचा सर्व्हे हाताशी नसेल तर याच्या नादाला लागू नका. मी काही महिने प्रयाग चिखली ते नृसिंहवाडी एवढ्या पट्ट्यावर व्हर्जन 6 चालवतोय. 2019 चा पूर मॉडेलमध्ये पुन्हा उभा करायचा, तो जुळला की पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येतं त्या नकाशावरच्या रेषा) काढायच्या, एवढंच काम.

हे अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर कोअरचं सॉफ्टवेअर, लायसन्सची भानगड नाही, तिकडचे पूरविम्याचे नकाशे पण बरेचसे यावरच निघतात. 2016 ला 5.0 मध्ये टू-डी आलं आणि खरा फरक तिथून पडला. वन-डीत नदीला आडवे छेद द्यायचे आणि पाणी त्याच रेषेत खाली जातंय असं धरून चालायचं, अरुंद खोऱ्यात ते खपून जातं, पण आपल्याकडे पाणी एकदा पात्र सोडून उसात शिरलं की कुठं वळेल हे आधी कोण सांगणार? टू-डीत जमिनीवर चौकोनांची जाळी टाकतात आणि पाणी कुठं वळेल ते मॉडेलच ठरवतं.

मला सगळ्यात आवडलं ते सब-ग्रिड. जाळीचा चौकोन 50 मीटरचा ठेवला तरी त्याच्या पोटातले चढउतार हिशोबात राहतात, त्यामुळे साध्या लॅपटॉपवर पण एवढा पट्टा पळतो. फक्त एक गोम आहे. रस्त्याचा भराव चौकोनाच्या मधोमध आला तर मॉडेलला तो अडथळा म्हणून दिसतच नाही, पाणी आरामात पलीकडे जातं. भरावाच्या माथ्यावरून ब्रेकलाइन ओढली की चौकोनांच्या कडा त्याच्यावर येतात, मग पाणी अडतं. शिरोलीजवळचा हायवे 2019 ला कित्येक दिवस बंद होता हे सगळ्यांना आठवत असेलच, तो भराव आणि त्याखालच्या मोऱ्या नीट घातल्याशिवाय तिथली पाण्याची पातळी जुळणं अवघडच.

दुसरं म्हणजे मॉडेलचं खालचं टोक, म्हणजे कृष्णेचा संगम. नृसिंहवाडीला कृष्णा तुंबलेली असते तेव्हा पंचगंगा उतरायलाच तयार नसते. तिथं नुसता उतार देऊन मोकळं झालं तर मॉडेलमधला पूर झपकन ओसरतो, जो प्रत्यक्षात आठवडाभर मुक्कामाला होता. कृष्णेची तासागणिक पातळी द्या, नाहीतर मॉडेल संगमाच्या बरंच खाली न्या. सांगलीला आयर्विन पुलाजवळ त्या वेळी 57 फुटांच्या वर पाणी होतं, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याला 55 च्या वर (धोका पातळी 43). आणि हो, गेज (पाण्याची पातळी मोजायची पट्टी) फुटात, मॉडेल समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, गेजचा शून्य कुठं बसतो ते आधी पक्कं करून घ्या.

आता खरं दुखणं, डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा. फुकटचे 30 मीटरवाले सॅटेलाइट डीईएम नदीत पाण्याचा पृष्ठभाग दाखवतात, तळ नाही, आणि झाडं-छपरं पण जमिनीतच मोजतात. रास मॅपरमध्ये (सॉफ्टवेअरच्याच नकाशाच्या भागात) सर्व्हेचे छेद देऊन पात्र कोरता येतं, ते छान आहे, पण छेद पाहिजेत ना! सपाट रानात 500 ला 1 उतार असला तर उंचीतला एक मीटरचा फरक म्हणजे रेषा अर्धा किलोमीटर सरकली. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या, आणि त्यावर कुणाचं बांधकाम अडणार कुणाचं सुटणार हे ठरतं. त्यामुळे असल्या डीईएमवरून गट नंबरनिहाय नकाशा कुणी दाखवला तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. कुठल्या भागात पाणी आधी शिरतं, कुठं जास्त दिवस साचतं, हे मात्र बऱ्यापैकी खरं निघतं.

पडताळणीला सेंटिनेल-1 उपग्रहाचे रडार फोटो घ्या, ढगातून पण दिसतं. पण शाहूपुरीतल्या गल्ल्यांत आणि उभ्या उसात रडार फसतं, तिथं भिंतींवर लोकांनी मारलेल्या 2005, 2019, 2021 च्या खुणाच कामाला येतात. लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) घेऊन फिरा, लोक स्वतः बोलावून दाखवतात, वर चहा पण देतात. उसाचा मॅनिंग एन (जमीन किंवा पीक पाण्याला किती अडवतं त्याचा गुणांक) पुस्तकातला जसाच्या तसा घेऊ नका, ऑगस्टात डोक्याच्या वर गेलेलं पीक पाणी चांगलंच अडवतं.

डिफ्यूजन वेव्ह या सोप्या केलेल्या समीकरणांवर रन लवकर होतो, जाळी आणि गुणांक लावायला तेच बरं. पुलांजवळ मात्र पूर्ण समीकरणं लावा, त्याला वेळ लागतो, रात्री चालू करून झोपायचं. टाइम स्टेप (हिशोबाचा एक टप्पा किती वेळाचा) मोठा ठेवला तर मॉडेल डचमळतं, म्हणून तो चौकोनाच्या मापावरून ठरवा. विंडोज लागतंच, आणि निकालाच्या फायली जीबीच्या हिशोबाने वाढतात, वेगळी हार्ड डिस्क घेऊनच बसा.