शिवकाल मुलांच्या हाती द्यायचा तर: साहसकादंबरी की इतिहासाचं पुस्तक?

माझा भाचा चौथीत असताना त्याने चाचणीत पन्हाळ्याच्या वेढ्यावर दीड पानी उत्तर लिहिलं होतं. सिद्दी जौहर, शिवा काशीद, बाजीप्रभू, सगळे जागच्या जागी होते. शिवाय पालखीपुढे वाट दाखवत पळणारा बारा वर्षांचा एक धनगराचा पोरगाही होता, अगदी नावानिशी. बाईंनी त्या नावाभोवती लाल गोल काढून शेजारी लिहिलं होतं, 'हा कोण?' पोरगा अर्थातच कादंबरीतला. बहिणीने पेपर माझ्यापुढे टाकला आणि म्हणाली, "दादा, पुस्तक तूच आणलं होतंस." भाच्याची चिंता वेगळीच होती. "मामा, म्हणजे तो नव्हताच?"

नव्हता. पण त्या नसलेल्या पोरापायी बाकीचं दीड पान त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, हेही खरं. तेव्हापासून कुणी विचारलं की नऊ-दहा वर्षांच्या मुलाला शिवकालावरची साहसकादंबरी द्यावी की सरळ इतिहासाचं पुस्तक, तर माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी कादंबरी, पण ती संपायच्या आत दुसरं पुस्तक घरात आलेलं असू द्या. पन्हाळ्याचंच उदाहरण घेतो, कारण दोन्ही पुस्तकांची ताकद आणि खोट तिथे एकदम दिसते.

जुलै १६६०. कादंबरी थेट त्या रात्रीत शिरते. आषाढातली पौर्णिमा, पण ढगांमुळे चांदणं आत्ता आहे, आत्ता नाही. पाय घोट्यापर्यंत चिखलात. भोई धापा टाकताहेत आणि खोकला आलाच तर तोंडात शेला कोंबायचा आहे, कारण गनिमाची चौकी हाकेच्या अंतरावर आहे. मूल हे वाचतं तेव्हा त्याला कुणी काही शिकवत नसतं, तरी तो बरंच शिकून जातो. वेढा म्हणजे गडाभोवती नुसती उभी माणसं नव्हेत, तर मोर्चे, पहाऱ्यांच्या पाळ्या आणि आत रोज मोजलं जाणारं धान्य. पन्हाळ्याहून विशाळगड गाठायचा म्हणजे रान, ओढे आणि निसरड्या चढणी. माची, मेट, पलिता, नजरबाज हे शब्द अर्थ न विचारता कळतात. ज्या मुलाने एकदा पावसाळ्यात गड चढून बुटांत पाणी भरून घेतलंय, त्याला तर घोडखिंडीत दम किती लागला असेल हे सांगावंच लागत नाही.

इतिहासाच्या पुस्तकात त्या रात्रीला दोन ओळी मिळतात. मात्र ती रात्र आलीच का, हे तिथेच कळतं. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखान पडला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला पन्हाळा स्वराज्यात आला. मार्चमध्ये आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहरने वेढा घातला. मे महिन्यात मोगलांचा शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला, आणि लवकरच चाकणचा छोटा भुईकोट फिरंगोजी नरसाळा झुंजवत होता. म्हणजे दोन बाजूंनी दोन सल्तनती, आणि राजा मधेच कोंडलेला. पावसाळा सरेपर्यंत थांबू, असं म्हणायची सोयच नव्हती. या चौकटीत ठेवली की ती पळण्याची रात्र नुसती थरारक राहत नाही, तिला कारण मिळतं. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आले होते, हेही इतिहासाचं पुस्तक सांगतं. मग १६६१ मध्ये राजापूर का लुटलं, हे मुलाला वेगळं पाठ करावं लागत नाही.

आणि शेवट. कादंबरी विशाळगडावर तोफ वाजली की संपते. मुलाला वाटतं, जिंकलो. प्रत्यक्षात त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत पन्हाळा आदिलशाहीला देऊन टाकावा लागला. परत घ्यायला १६७३ उजाडलं, आणि तोही कोंडाजी फर्जंदाने अवघ्या ६० माणसांनिशी घेतला. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो चक्क चिडला. "मग बाजीप्रभू कशासाठी लढले?" सन लक्षात ठेवणारी मुलं असं विचारत नाहीत. हा प्रश्न त्याला पडला तो कादंबरीमुळे, आणि उत्तर मिळालं ते दुसऱ्या पुस्तकात.

आता कादंबरीची खोट. नसलेला पोरगा घुसडला याचा मला फारसा त्रास नाही, तो 'नव्हता' म्हटलं की विषय मिटतो. असलेल्या गोष्टीला दिलेला रंग मात्र धुता धुवत नाही. सिंहगड घ्या. तानाजीने घोरपड लावून कडा चढला, तो पडला आणि म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं, हे आपण सगळे आईच्या दुधाबरोबर प्यायलोय. घोरपड येते ती पोवाड्यातून. १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत ती नाही. तिथे दोन निवडक मावळे रात्री वानरासारखे कड्यावरून चढून जातात. आणि 'सिंहगड' हे नाव १६६३ च्या पत्रातच आहे, तानाजी पडला १६७० च्या फेब्रुवारीत. माझ्या मते दोन माणसं नुसत्या हातापायांनी तो कडा चढली, ही घोरपडीपेक्षा जास्त अंगावर येणारी गोष्ट आहे, पण लेखकांना घोरपड सोडवत नाही.

बहिर्जी नाईकांचंही तसंच. मुलांच्या कादंबऱ्यांत ते फकीर, ज्योतिषी, वासुदेव, काय वाट्टेल ते होऊन हिंडतात. कागदोपत्री त्यांच्याबद्दल सापडतं ते फार थोडं, मुख्यतः सुरतेची खबर आणल्याचं. साहजिक आहे म्हणा, ज्याचे कागद सापडतात तो कसला हेर! पण मुलाला एवढं सांगावं की या माणसाचं चरित्र जवळजवळ सगळं लेखकांनी रचलेलं आहे.

याहून काळजीची बाब म्हणजे शत्रू. थरारासाठी खलनायक लागतो, आणि स्वस्तातला लेखक समोरच्या छावणीतल्या प्रत्येकाला विकट हसायला लावतो. खरी माणसं त्या साच्यात बसत नाहीत. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, सिंहगड राखणारा उदयभान राजपूत होता, पुरंदरचा तह करवणारा मिर्झाराजा जयसिंगही राजपूतच. कोण कुणाची चाकरी का करत होता हे समजावणारी कादंबरी मिळाली तर ती डोळे मिटून घ्यावी. अशा कादंबऱ्या आहेत, पण शोधाव्या लागतात.

इतिहासाच्या पुस्तकाला झुकतं माप द्यावं, तर मुलांसाठीच्या बऱ्याच पुस्तकांचं दुखणं निराळं. ती खोटं बोलत नाहीत, पण झोप आणतात. पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले, १२ राहिले: हा आकडा मूल पाठ करतं, परीक्षेत ओततं आणि विसरतं. शेजारी नकाशा असता आणि त्यावर ते २३ पुसलेले दिसले असते, तर त्याच आकड्याने पोटात खड्डा पडला असता. दोष इतिहासाचा नाही, मांडणाऱ्याचा आहे. कारण अस्सल कागद कादंबरीला हरवू शकतो. चिपळूणजवळच्या लष्कराला महाराजांनी पाठवलेल्या पत्रात गवताच्या गंजींबद्दल ताकीद आहे. रात्री दिवा तसाच ठेवाल, उंदीर जळती वात पळवून नेईल, गवत पेटेल, मग घोडी जगायची नाहीत. राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतोय! मी हे पत्र मुलांना वाचून दाखवलंय, आणि अफजलखानाच्या वधाला जेवढी शांतता पसरते तेवढीच या उंदराला पसरते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडं तोडू नयेत म्हणून सांगितलंय. आपल्या दारी आंबा असलेल्या मुलाला तो उतारा बरोबर लागतो.

चित्रकथांबद्दल थोडक्यात. सहा-सात वर्षांपर्यंत उत्तम, त्यापुढे एकट्या पुरत नाहीत. आणि चित्रातली चूक शब्दातल्या चुकीपेक्षा चिवट असते. एकदा डोळ्यांत बसलेला चुकीचा पेहराव जन्मभर निघत नाही.

दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर मी आधी शेवटचं पान उघडतो. कोण खरं, कोण रचलेलं, कुठला प्रसंग कशावरून घेतला, हे लेखकाने तिथे प्रामाणिकपणे सांगितलं असेल तर अर्धं काम झालं. मग नकाशा. आणि मग नायक कोण, ते बघतो. खुद्द महाराजांच्या मनातले विचार पानंच्या पानं सांगणाऱ्या कादंबरीपेक्षा एखाद्या भोयाच्या, घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या नाहीतर गडकरणीच्या पोराच्या नजरेतून लिहिलेली कादंबरी मला मुलांसाठी सुरक्षित वाटते. पोराला जे दिसत नाही ते लेखकालाही सांगता येत नाही, त्यामुळे थोर माणसांच्या तोंडी घातलेली भाषणं आपोआप कमी होतात. शिवाय गडावर पाणी कोण भरत होतं, हे त्याच पोराला माहीत असतं.

आता तुमचं मूल कुठलं, ते बघा. गोष्टी चवीने वाचतो पण इतिहासाचा तास म्हटलं की तोंड वाकडं करतो, त्याला कादंबरी, बिनधास्त. चौथीच्या 'शिवछत्रपती'त नावं तर त्याच्या कानांवरून गेलेलीच असतात, कादंबरीत ती फक्त जिवंत होतात. 'हे खरंच घडलं का?' असं तिसऱ्या पानावर विचारणारी मुलंही असतात. त्यांना कादंबरी दिलीत तर ती फसवणूक मानतात आणि रुसतात. त्यांना पत्रं, नकाशे आणि किल्ल्यांची माहिती असलेलं पुस्तक आधी द्या. जे मूल मुळीच वाचत नाही, त्याला रोज रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यासाठी कादंबरीच लागते, सनावळी वाचून दाखवणारा आधी स्वतःच झोपतो. आणि तेरा-चौदाच्या पुढे कादंबरीची वाट बघायची गरज नाही. सभासद बखर बारीकशी आहे, टिपा असलेली प्रत आणली तर त्या वयाचं मूल ती रेटतं. आग्र्याचं प्रकरण तर या वयात मूळ कागदांतूनच वाचावं: मिर्झाराजा जयसिंगाच्या माणसांनी आग्र्याहून लिहिलेली राजस्थानी पत्रं छापली गेली आहेत, आणि मे १६६६ मधल्या त्या दरबाराची बातमी ती वर्तमानपत्रासारखी सांगतात.

भाचा आता आठवीत आहे. उंदराचं पत्र त्याने परवा पुन्हा वाचलं आणि विचारलं, "मग गवत जळलं का रे मामा?" म्हटलं, ती ताकीद आहे, पुढचं त्यात नसतं. "मग पुढचं मी लिहू?" लिही म्हटलं, फक्त कोण खरं आणि कोण तू रचलेलं, ते शेवटच्या पानावर वेगळं लिहायचं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "उंदीर कुठल्या यादीत टाकू?"