गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर घरी बदलला, त्याला आठ महिने झाले

फेब्रुवारीत एसी लावला की बॉनेटखालून जात्यात खडे आल्यासारखी घरघर सुरू व्हायची. गाडी दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, ८५ हजार किलोमीटर पळालेली. नागपुरात राहतो, त्यामुळे 'यंदा एसीविना काढू' हा पर्याय घरात कुणी ऐकूनच घेतला नाही. सर्व्हिस सेंटरनं कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, बदलायचं २४ हजारांचं इस्टिमेट दिलं. पान्ह्याचं काम आपण करायचं आणि गॅसचं तेवढं एसीवाल्याकडून करून घ्यायचं, असं ठरवलं. आता नवतपाही (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) गेला, पावसाळाही गेला, गाडी सात हजार किलोमीटर फिरली. म्हणून लिहितोय.

सर्वात आधी एसीवाल्याकडे जाऊन जुना गॅस मशीननं काढून घेतला. बरेच जण नट सैल करून तो हवेत सोडतात. हा गॅस, आर-१३४ए, ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून भारी पडतो. शिवाय तो उणे २६ अंशांना उकळतो, बोटावर उडाला तर कातडी गोठते. गॅस परत खेचणारं मशीन असलेला माणूस शोधण्यातच दोन दिवस गेले.

रविवारी सकाळी सातला गाडीखाली शिरलो. नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही, दोन्ही बाजूंना स्टँड लावून. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पट्टा, वायरचा प्लग, दोन पाइप आणि चार बोल्ट, एवढंच काम. तीन बोल्ट वीस मिनिटांत हातात आले. चौथ्यानं सव्वा तास खाल्ला. हात पोचायचा तिथं पान्हा बसत नव्हता आणि पान्हा बसला तर फिरत नव्हता. शेवटी लांब एक्स्टेंशन लावून निघाला, तोवर टॉर्च धरणाऱ्या चिरंजीवांचा दोनदा नाश्ता झाला होता. पाइप सुटताक्षणी तोंडांना प्लास्टिक आणि रबर लावलं, कारण आतलं तेल हवेतला ओलावा फार पटकन ओढतं.

जुन्या कॉम्प्रेसरमधलं तेल औषधाच्या मापात ओतलं. जेमतेम ४० मिली निघालं, पिवळसर आणि स्वच्छ. त्यात चांदीसारखी भुकटी चकाकली असती, तर तो धातूचा कीस कंडेन्सरपर्यंत, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीपर्यंत, पोचला आहे असं समजायचं. मग कंडेन्सर न बदलता नवा कॉम्प्रेसर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. नव्यामध्ये अख्ख्या सिस्टिमला पुरेल एवढं तेल भरून आलं होतं, पण उरलेलं जुनं तेल पाइपांत आणि कॉइलमध्ये असतंच. म्हणून जुन्यातून निघालं तेवढं आणि नव्या ड्रायरसाठी (ओलावा शोषणारी डबी) १० मिली ठेवून बाकीचं काढलं. हे न करता भरलेलाच बसवला, तर जास्तीचं तेल कॉइलमध्ये साचतं आणि कुलिंग मार खातं. बसवल्यावर पुढची प्लेट हातानं दहा-बारा वेळा फिरवली. ड्रायर सगळ्यात शेवटी उघडला, त्यातल्या दाण्यांचं कामच ओलावा शोषायचं.

दुसऱ्या दिवशी एसी बंद ठेवून परत एसीवाल्याकडे गेलो. त्यानं पाऊण तास व्हॅक्यूम लावला, म्हणजे पाइपांतली हवा आणि ओलावा पंपानं खेचून काढला. मग पंप बंद करून मीटरचा काटा वीस मिनिटं जागचा हलला नाही, म्हणजे गळती दिसत नव्हती, तेव्हा जीव भांड्यात पडला. त्याला गॅस काटा बघून अंदाजानं भरायचा होता. मी बॉनेटखालचं स्टिकर दाखवलं आणि ४२० ग्रॅम वजन करूनच भरायला लावला. तो थोडा रुसला, पण वजनकाटा त्याच्याकडे होता!

मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना चालत्या गाडीत एसीच्या हवेच्या जाळीशी थर्मामीटर नऊ-दहा अंश दाखवायचा. सिग्नलवर उभं राहिलं की तोच पंधरावर जायचा. तो दोष कॉम्प्रेसरचा नाही, कंडेन्सरपुढचा पंखा म्हातारा झालाय. घरघर मात्र पूर्ण गेली. इतकी, की कॉम्प्रेसरचा क्लच (एसी लावल्यावर पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारी प्लेट) लागतानाचा टक् आवाज पहिल्यांदाच ऐकू आला आणि पहिले चार दिवस मी त्यालाच नवीन बिघाड समजत होतो. अमरावतीला जाऊन-येऊन एकदाही आवाज वाढवून गाणी लावावी लागली नाहीत.

पावसात सकाळी स्टार्ट करताना किंचाळायचा तो पट्टा, थोडा ताणला की गप्प.

ऑगस्टमध्ये मात्र कुलिंग हळूहळू पडलं. कॉम्प्रेसरला जोडलेल्या मोठ्या पाइपच्या सांध्यावर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. कारण मीच. किटमध्ये त्या मापाची रबरी रिंग नव्हती, रविवारी दुकान बंद, म्हणून जुनीच पुसून, तेल लावून बसवली होती. वीस रुपयांच्या रिंगेपायी व्हॅक्यूम आणि गॅसचे १,८०० पुन्हा मोजले. हिशेब असा: कॉम्प्रेसर ९,६००, ड्रायर ७५०, रिंगा १५०, गॅस काढणं ४००, भरणं १,८००, आणि हे वरचे १,८००. म्हणजे १४,५००.

आता जे सांगायला जरा लाज वाटते ते. महिनाभरापूर्वी एका मित्राकडून पुलर आणून जुन्या कॉम्प्रेसरची पुली (पट्ट्यावर फिरणारं चाक) काढली. तिचं बेअरिंग हातात फिरवलं, तर वाळू भरल्यासारखं. आणि कॉम्प्रेसरचा शाफ्ट? गुळगुळीत. म्हणजे खरा दोषी ते बेअरिंगच असणार, जे मला साडेपाचशेला मिळालं. फेब्रुवारीत एसी बंद असतानाही बारीक गुरगुर ऐकू यायची. पुली एसी बंद असतानाही फिरत असते, त्यामुळे तो आवाज बेअरिंगचाच असण्याची शक्यता जास्त. लांब स्क्रूड्रायव्हर जपून कानाला लावून ऐकलं होतं, पण एसी लावल्यावरच्या घरघरीनंच माझं लक्ष वेधलं. बेअरिंग बदलायला गॅस काढावाच लागत नाही, फक्त पुलर आणि सर्कलिप (पुली धरून ठेवणारी स्प्रिंगची कडी) काढायची पक्कड हवी. तुमची गाडी एसी बंद असताना गुरगुरत असेल, तर आधी तेवढंच करून बघा.

जुन्या कॉम्प्रेसरला नवं बेअरिंग टाकून, दोन्ही तोंडं टेपनं बंद करून तो माळ्यावर ठेवला आहे. बायको म्हणते, भंगारवाल्याला दे. अजून दिलेला नाही.