पाच दिवसांचा, चार दिवसांचा की ऑनलाइन? डिझाइन स्प्रिंट निवडण्यापूर्वी

डिझाइन स्प्रिंट (एखाद्या कल्पनेचा नमुना मोजक्या दिवसांत बनवून तो ग्राहकांसमोर तपासण्याची पद्धत) करायचा असे प्रॉडक्ट टीममध्ये ठरले की पहिला वाद दिवसांवरून होतो. प्रॉडक्ट मॅनेजरला पूर्ण आठवडा हवा असतो, इंजिनिअरिंगचे प्रमुख दोनच दिवस द्यायला तयार असतात. शेवटी तीन दिवसांवर तडजोड होते आणि ग्राहकांसमोर जाण्याचा दिवस ‘नंतर पाहू’ म्हणून मागे पडतो. वास्तविक दिवसांचा हिशेब सर्वांत शेवटी करायला हवा. त्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: अंतिम निर्णयाचा अधिकार ज्या व्यक्तीकडे आहे ती प्रत्यक्ष किती वेळ देऊ शकते, आणि टीमपुढचा प्रश्न पाच ग्राहकांच्या वागण्यावरून सुटण्यासारखा आहे का. सध्या प्रचारात असलेले स्प्रिंटचे तीन प्रकार आणि स्प्रिंट मुळीच न करण्याचा चौथा पर्याय या दोन कसोट्यांवर पुढे तपासले आहेत.

मूळचा पाच दिवसांचा आराखडा

जेक नॅप यांनी २०१० च्या सुमारास गूगलमध्ये ही पद्धत वापरायला सुरुवात केली. पुढे गूगल व्हेंचर्स या गुंतवणूक कंपनीत, नवउद्योगांबरोबर काम करताना, जॉन झेरात्स्की आणि ब्रेडन कोविट्झ यांच्या साथीने तिला आजचे रूप आले आणि २०१६ मध्ये ती पुस्तकरूपाने सर्वांसमोर आली. सोमवारी दीर्घकालीन उद्दिष्ट व मनातल्या शंका लिहून काढायच्या, ग्राहकाचा प्रवास नकाशावर मांडायचा आणि जाणकारांना बोलावून प्रश्न विचारायचे. मंगळवारी प्रत्येकाने एकट्याने आपला उपाय कागदावर रेखाटायचा. बुधवारी निवड करून ग्राहकाला एकामागून एक दिसणाऱ्या पडद्यांचा क्रम ठरवायचा. गुरुवारी खऱ्यासारखा दिसणारा प्रोटोटाइप, म्हणजे कामचलाऊ नमुना, बनवायचा. आणि शुक्रवारी पाच ग्राहकांना एकेक करून तो दाखवायचा, असा हा क्रम आहे. टीम सात जणांची किंवा त्याहून लहान असावी, अशी मूळ शिफारस आहे.

या आराखड्याचे खरे बळ मंगळवार आणि बुधवार सकाळ यांत आहे. प्रत्येक जण गप्प बसून काम करतो, रेखाटनांवर नावे नसतात, भिंतीवर लावलेले कागद सर्व जण न बोलता पाहतात आणि आवडलेल्या भागावर ठिपके चिकटवतात. ज्या कार्यालयात साहेब बोलले की चर्चा संपते (आणि अशी कार्यालये आपल्याकडे काही कमी नाहीत), तिथे वर्षभरापूर्वी लागलेल्या डेव्हलपरची कल्पना उपाध्यक्षांच्या कल्पनेशेजारी बिनानावाने टांगली जाणे, हा एवढा एक फायदाही मोठा आहे. शेवटचा शब्द मात्र निर्णयकर्त्याचाच असतो. त्याची मते वेगळी मोजली जातात आणि तो बहुमताच्या विरुद्ध जाऊ शकतो. मतदान घेऊन निर्णय घेण्यापेक्षा ही व्यवस्था अधिक प्रामाणिक आहे, कारण अशा ठिकाणी मतदानाचा निकाल नंतर वरिष्ठांकडून बदलला जाणारच असतो.

सॅविओक या कंपनीचे उदाहरण या पद्धतीची योग्य जागा दाखवते. हॉटेलच्या खोल्यांपर्यंत टूथब्रशसारख्या वस्तू पोहोचवणारा ‘रिले’ हा रोबोट त्यांनी तयार केला होता. तो लिफ्टने जाऊ शकत होता, दारापर्यंत पोहोचत होता. अडचण एवढीच होती की पाहुण्यांसमोर त्याने वागावे कसे. त्याला चेहरा दिला तर लोक त्याच्याशी गप्पा मारायची अपेक्षा धरतील आणि उत्तर न मिळाल्यास खट्टू होतील, ही भीती होती. स्प्रिंटमध्ये त्याला साधे डोळे, काही आवाज आणि काम झाल्यावर एक छोटासा नाच दिला गेला आणि क्युपर्टिनोच्या एका हॉटेलात खऱ्या पाहुण्यांसमोर तो उभा केला गेला. प्रश्न नेमका होता, उत्तर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसणारे होते, आणि उत्तर चुकले असते तर पुढचा खर्च मोठा होता. या तिन्ही अटी पूर्ण होत असतील तर पाच दिवस महाग नाहीत. नसतील तर सात माणसांचे पाच दिवस, म्हणजे पस्तीस मनुष्य-दिवस, कुठे खर्च झाले हे नंतर सांगता येत नाही.

चार दिवसांचा सुधारित प्रकार

बर्लिनच्या एजे अँड स्मार्ट या संस्थेने लोकप्रिय केलेल्या ‘डिझाइन स्प्रिंट २.०’ मध्ये सोमवार व मंगळवारचे काम एका दिवसात बसवले आहे. दुसऱ्या दिवशी निवड आणि पडद्यांचा क्रम ठरतो, तिसऱ्या दिवशी प्रोटोटाइप, चौथ्या दिवशी चाचणी. एक दिवस वाचतो, हा यातला लहान फायदा. मोठा फायदा असा की पूर्ण टीम पहिले दोनच दिवस लागते. पुढचे काम डिझायनर आणि मुलाखत घेणारा असे दोघे-तिघे करतात. सात जणांचे दोन दिवस आणि तिघांचे दोन दिवस धरले तर हिशेब वीस मनुष्य-दिवसांवर येतो. बुधवार दुपारचा कंटाळवाणा भागही इथे सुधारला आहे. पाच दिवसांच्या प्रकारात पडद्यांचा क्रम लावताना सात जण फळ्याभोवती वाद घालत बसतात, तर इथे प्रत्येकाने आधी ग्राहकाच्या वाटचालीच्या सहा चिठ्ठ्या लिहायच्या आणि त्यांतून एक क्रम निवडायचा. ही दुरुस्ती तर पाच दिवसांच्या स्प्रिंटमध्येही उचलून घ्यावी.

या प्रकाराची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिल्या दिवसावर पडणारा ताण सर्वांना दिसतो. मराठी स्वयंपाकघरातली पाककृती सांगणारे ॲप असेल तर एका सकाळी प्रश्न समजून घेता येतो, पण आरोग्य विम्याचा दावा, रुग्णालयाचे बिल किंवा कर्जवाटप यांसारख्या नियमांनी बांधलेल्या विषयात जाणकारांना अर्ध्या तासात मोकळे केले तर दुसऱ्या दिवशी निवडलेला उपाय नियमातच बसत नसल्याचे चौथ्या दिवशी कळते. दुसरे नुकसान सहसा कोणी मांडत नाही, आणि माझ्या मते तेच मोठे आहे. चाचणीच्या दिवशी विक्रीप्रमुख, इंजिनिअर आणि निर्णयकर्ता हजर नसतात. ग्राहक जे बटण सापडत नाही म्हणून चाचपडतो, ते बटण शेजारच्या खोलीत थेट चित्रण पाहणाऱ्या विक्रीप्रमुखाला पुन्हा पटवून द्यावे लागत नाही. अहवालातून तेच सांगितले की ‘तुम्ही चुकीची माणसे बोलावली’ हे उत्तर येते. म्हणून चार दिवसांचा प्रकार निवडलाच तर चौथ्या दिवशी सर्वांना परत बोलवावे. उरलेल्या चार जणांचा एकेक दिवस वाढल्याने चारच मनुष्य-दिवस वाढतात, तरीही एकूण चोवीसच होतात.

ऑनलाइन स्प्रिंट

२०२० नंतर मिरो, म्युरल यांसारख्या ऑनलाइन फळ्यांवर आणि व्हिडिओ कॉलवर स्प्रिंट करणे रूढ झाले. पूर्ण दिवस पडद्यासमोर बसून हे काम होत नाही, त्यामुळे सत्रे अर्ध्या दिवसाची ठेवून एकूण कालावधी वाढवावा लागतो. पुण्यातल्या ज्या टीमचा निर्णयकर्ता परदेशात बसतो, तिला सर्वांत आधी घड्याळ पाहावे लागते. लंडन भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे आहे. तिथले सकाळी नऊ म्हणजे इथले दुपारचे दीड किंवा अडीच. अर्ध्या दिवसाचे सत्र त्यात व्यवस्थित बसते. कॅलिफोर्निया मात्र साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे असल्याने दोन्हीकडचे कामाचे तास एकमेकांना भेटतच नाहीत. अशा वेळी रात्री नऊला टीमला जागे ठेवून निर्णयकर्त्याला सकाळच्या कॉफीबरोबर सहभागी करून घेण्याची जी धडपड होते, तिचा शेवट तो पंधरा मिनिटांत ‘तुम्ही पुढे चला’ म्हणून निघून जाण्यात होतो. मूळ पद्धतीतच यावर उतारा सांगितला आहे: निर्णयकर्त्याने पूर्ण अधिकार असलेला प्रतिनिधी नेमावा आणि स्वतः फक्त मोक्याच्या वेळी यावे. अट एकच, की प्रतिनिधीचा निर्णय नंतर फिरवायचा नाही, आणि हे स्प्रिंटच्या आधी ईमेलवर लिहून घ्यावे. तेवढेही मिळत नसेल तर ऑनलाइन स्प्रिंटचा विचार सोडून देणे बरे.

ऑनलाइन प्रकारात काही कामे उलट अधिक चांगली होतात. एकट्याने रेखाटणे आणि मत देणे यांना एकत्र बसण्याची गरज नसते. ग्राहकही बाणेर-हिंजवडीच्या परिसरातले न राहता नांदेड, लातूर, कणकवलीचे मिळू शकतात. मात्र मुलाखत पडद्यावर घेतली की फोन हातात कसा धरला आहे, उन्हात पडदा दिसतो का, शेजारी बसलेला मुलगा आईला ‘इथे दाब’ म्हणून सांगतो आहे का, हे निसटते. एका फोनवर सगळे घर व्यवहार करत असेल तिथे ही माहिती प्रोटोटाइपइतकीच मोलाची असते.

पाच ग्राहक कशाला पुरतात आणि कशाला नाही

तिन्ही प्रकारांत चाचणीला पाचच ग्राहक असतात, त्यामुळे दुसरी कसोटी सर्वांना सारखीच लागू होते. या आकड्यामागे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन आणि टॉमस लँडाउअर यांचे १९९३ चे काम आहे. एखादी अडचण सरासरी ३१ टक्के वापरकर्त्यांना जाणवत असेल, तर पाच जणांच्या चाचणीत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के येते. पण हेच गणित दहा टक्के लोकांनाच येणाऱ्या अडचणीसाठी मांडले तर शक्यता जेमतेम ४१ टक्क्यांवर उतरते. म्हणजे ठळक गोंधळ पकडायला पाच जण पुरतात, क्वचित घडणाऱ्या पण महागात पडणाऱ्या चुका पकडायला पुरत नाहीत, आणि ‘किती लोक विकत घेतील’ या प्रश्नाला तर ते लागूच पडत नाहीत.

भाजीवाल्यासाठी पैसे जमा झाल्याची घोषणा करणारा साउंडबॉक्स तयार करणाऱ्या टीमचा विचार करू. गर्दीत आवाज ऐकू आला नाही तर तो फोन उघडून पाहतो की ग्राहकाच्या पडद्यावर विश्वास ठेवतो, हे पाच जणांकडे पाहून कळेल, आणि त्यासाठी स्प्रिंट योग्य आहे. त्या यंत्राचे मासिक भाडे किती ठेवावे, हे मात्र पाच जणांना विचारून ठरवता येणार नाही. तिथे थोड्या गावांत वेगवेगळी भाडी ठेवून प्रत्यक्ष विक्री पाहावी लागेल. स्प्रिंटच्या पहिल्याच दिवशी लिहिलेल्या शंकांमध्ये ‘किती’ने सुरू होणारे प्रश्न अधिक असतील, तर टीमने चुकीचे साधन हातात घेतले आहे.

प्रोटोटाइपबद्दल एकच सूचना: ग्राहक मराठीत वापरणार असेल तर पडद्यावरचा मजकूर पहिल्यापासून मराठीत आणि देवनागरीत लिहावा. फिगमा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी इंग्रजीत बसवून नंतर भाषांतर करण्याच्या सवयीमुळे बटणावरचा मजकूर दोन ओळींत मोडतो, आणि चाचणी वेगळ्याच वस्तूची होते.

स्प्रिंट न करण्याचा पर्याय

चालू असलेल्या उत्पादनात सतत लहान सुधारणा करणाऱ्या टीमला बहुधा यांतला कोणताच प्रकार लागत नाही. प्रॉडक्ट टीमना प्रशिक्षण देणाऱ्या टेरेसा टोरेस यांनी मांडलेल्या पद्धतीत प्रॉडक्ट मॅनेजर, डिझायनर आणि इंजिनिअर हे त्रिकूट दर आठवड्याला ग्राहकांशी बोलते आणि एकेक गृहीतक तपासत जाते. डिझाइनचे काम सॉफ्टवेअरच्या बांधणीच्या एक पाऊल पुढे चालवण्याचा असाच अनुभव ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीतील डेझिरे साय यांनी २००७ मध्ये लिहिला होता. तिघांनी आठवड्याला प्रत्येकी अर्धा दिवस दिला तर दहा आठवड्यांत पंधरा मनुष्य-दिवस होतात, म्हणजे चार दिवसांच्या स्प्रिंटपेक्षाही कमी, आणि ग्राहक तोवर पाचाहून कितीतरी अधिक भेटलेले असतात. नोंदणीच्या टप्प्यावर लोक का गळतात, शोधाची खिडकी का वापरली जात नाही, असल्या प्रश्नांना हाच मार्ग योग्य आहे. त्याची मर्यादा अशी की मोठे वळण घ्यायचे असेल तेव्हा तीन माणसांच्या अधिकारात ते बसत नाही आणि निर्णय महिनोन्महिने लांबत राहतो.

ज्यांचा ग्राहकच अजून ठरलेला नाही, अशा अगदी नव्या उद्योगांसाठी नॅप आणि झेरात्स्की यांनी अलीकडे दोन दिवसांचा ‘फाउंडेशन स्प्रिंट’ मांडला आहे. त्यात प्रोटोटाइप नसतो. ग्राहक कोण, त्याची अडचण कोणती आणि स्पर्धकांपेक्षा आपले वेगळेपण काय, एवढेच लिखित गृहीतक तयार होते. संस्थापक दोघे-तिघेच असतील तर आधी हे करावे.

कोणी काय निवडावे

नवी गोष्ट, नियमांनी बांधलेला विषय आणि एकाच इमारतीत बसणारा निर्णयकर्ता, अशी स्थिती असेल तर पाच दिवस द्यावेत. विषय टीमच्या हातातला असेल आणि फक्त उपायांवर मतभेद असतील, तर चार दिवस पुरतात, मात्र वर म्हटल्याप्रमाणे शेवटच्या दिवशी सर्वांना परत बोलावून. टीम पुणे आणि लंडनमध्ये विभागलेली असेल तर ऑनलाइन. पुणे आणि कॅलिफोर्नियामध्ये असेल तर अधिकृत प्रतिनिधी मिळाल्यावरच ऑनलाइन, अन्यथा विमानाचे तिकीट काढण्याइतका प्रश्न महत्त्वाचा आहे का हे निर्णयकर्त्यालाच विचारावे. त्याचे उत्तर नकारार्थी असेल तर दर आठवड्याच्या भेटी सुरू कराव्यात.

कोणताही स्प्रिंट ठरला तरी पाच ग्राहकांच्या वेळा पहिल्या दिवसापूर्वी पक्क्या करण्याचे काम एका व्यक्तीवर सोपवावे. पुस्तकातल्या क्रमात ही जुळवाजुळव स्प्रिंट सुरू झाल्यावर होते, पण दुकानदार सकाळी माल घेतो, दुपारी झोपतो आणि संध्याकाळी गिऱ्हाईक सोडून कोणाशी बोलत नाही, अशांच्या वेळा मिळवायला आठवडा जातो. पाचांशिवाय आणखी दोघांना राखीव ठेवावे, मानधनाची रक्कम आधीच सांगावी, आणि आदल्या शुक्रवारपर्यंत किमान चार वेळा ठरल्या नसतील तर स्प्रिंट एका आठवड्याने पुढे ढकलावा.