इलेक्ट्रॉनिक पिपेट: बरेच महिने रोज वापरल्यानंतर

आमच्या प्रयोगशाळेत सध्या दोन इलेक्ट्रॉनिक पिपेट्स, म्हणजे ठराविक माप द्रव ओढून सोडणारी मोटरवरची उपकरणे, रोजच्या वापरात आहेत. एक १००० मायक्रोलिटरपर्यंतचे सिंगल चॅनेल (एकच टिप, म्हणजे द्रव घेणारी प्लास्टिकची नळी, बसणारे), दुसरे ३०० मायक्रोलिटरपर्यंतचे आठ चॅनेलचे (एकदम आठ टिप्स बसणारे). बाकीची कामे अजूनही अंगठ्याने दाबायच्या साध्या पिपेट्सवर चालतात, त्यामुळे दोन्हींतला फरक रोज शेजारी शेजारी दिसतो. आमचे काम मुख्यतः एलायझा (प्रतिपिंडांच्या मदतीने एखादा पदार्थ मोजायची चाचणी), प्रोटीनचे मोजमाप, थोडे सेल कल्चर (पेशी वाढवणे) आणि क्यूपीसीआर (प्रती वाढवत डीएनएचे प्रमाण मोजणे). घ्यावे की नाही या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझे मत आधीच सांगते. घ्या, पण अचूकता वाढेल या आशेने घेऊ नका. वेळच्या वेळी सर्व्हिस झालेले साधे पिपेट सरावलेल्या हातात असेल तर तेही तितकेच अचूक असते. आयएसओ ८६५५ या मानकात पिस्टन पिपेटसाठी चुकीच्या कमाल मर्यादा ठरवून दिल्या आहेत. १००० मायक्रोलिटरच्या पिपेटला पूर्ण आकारमानावर सरासरीत ८ मायक्रोलिटरची तफावत चालते आणि मापामापांतला फरक ३ मायक्रोलिटरपर्यंत चालतो. पिस्टन अंगठ्याने हलतो की मोटरने, याने या मर्यादा बदलत नाहीत. मोटरमुळे मिळतो तो एकसारखेपणा. सकाळची पहिली प्लेट (वेल म्हणजे छोटे खळगे असलेली ताटली) आणि संध्याकाळची शेवटची प्लेट, माझा हात आणि नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याचा हात, यांच्यातले अंतर कमी होते. आम्हाला याचीच गरज होती, कारण एकाच प्रयोगाच्या प्लेट्स आमच्याकडे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी माणसे लावतात.

तत्त्व मात्र जुनेच आहे. मारबुर्गमध्ये हाइनरिश श्निटगर यांनी १९५७ मध्ये स्प्रिंग आणि पिस्टनच्या ज्या पिपेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात पिस्टन हवा ओढतो आणि हवेच्या मागोमाग द्रव टिपमध्ये चढतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक पिपेटमध्येही तेच घडते. फक्त पिस्टन पुढेमागे सरकवायला अंगठ्याऐवजी स्टेपर मोटर आहे आणि पहिला स्टॉप (माप पूर्ण होते ती जागा), दुसरा स्टॉप (उरलेला थेंब ढकलला जातो ती जागा) बोटाला जाणवण्याऐवजी प्रोग्रॅममध्ये आहेत. हे लक्षात ठेवले की या यंत्राकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, हे आपोआप कळते. द्रव आणि पिस्टन यांच्यामध्ये हवा आहे तोवर हवेचे सगळे गुणदोष सोबत येणारच.

वापरताना मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे वेग. ओढायचा आणि सोडायचा वेग वेगवेगळा ठरवता येतो. आधी आमच्या प्रोटोकॉलमध्ये ‘सावकाश सोडावे’ असे लिहिलेले असायचे, आणि सावकाश म्हणजे किती हे ज्याचे त्याने ठरवायचे. आता तिथे आकडा आहे. ग्लिसरॉलमध्ये साठवलेले एन्झाइम सगळ्यांत कमी वेगाने ओढायचे आणि ओढून झाल्यावरही टिप क्षणभर द्रवातच ठेवायची, कारण घट्ट द्रव पिस्टनच्या मागे राहतो आणि नंतर चढतो. बीएसए (एक प्रोटीन) किंवा ट्वीन-२० (साबणासारखा पदार्थ) असलेल्या बफरला, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाला, मध्यम वेग, म्हणजे फेस होत नाही. पेशी असतील तर ओढणे आणि सोडणे दोन्ही हळू. हाताने हे सगळे जमते, पण प्लेटच्या आठव्या-नवव्या कॉलमला अंगठा थकतो आणि वेग नकळत वाढतो. मोटरचा वाढत नाही. एक सूचना मात्र करते: वेगाचे हे आकडे प्रत्येक कंपनीचे आपापले असतात. एका पिपेटचा ३ दुसऱ्याच्या ३ शी जुळत नाही, म्हणून प्रोटोकॉलमध्ये वेगासोबत मॉडेलचे नावही लिहावे.

आता रिपीट डिस्पेन्स, म्हणजे एकदा भरून अनेक वेलमध्ये ठराविक माप सोडणे. बहुतेक लोक याच सोयीसाठी इलेक्ट्रॉनिक पिपेट घेतात, आणि खरेदीचा विचार सर्वांत जास्त याच मुद्द्यावर करायला हवा. पहिला आणि शेवटचा भाग टाकून द्यायचा असतो. पिस्टन ओढण्याकडून सोडण्याकडे वळतो तेव्हा यंत्रणेतली थोडी ढिलाई पहिल्या भागात उतरते, आणि शेवटच्या भागात टिपमध्ये चिकटून राहिलेल्या द्रवाची कसर निघते. बरीच मॉडेल्स पहिला भाग टाकायची आठवण स्क्रीनवरच देतात. तेव्हा हिशोब असा करायचा: ३०० मायक्रोलिटरच्या पिपेटने २० मायक्रोलिटरचे १२ भाग म्हणजे २४०, उरलेल्या ६० मध्ये टाकायचे भाग आरामात बसतात. एक भाग म्हणजे आठ वेलचा एक कॉलम, म्हणून एका भरणीत ९६ वेलची अख्खी प्लेट होते. पण एलायझाला प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर लागतात. तिथे ३०० चे पिपेट एका भरणीत जास्तीत जास्त दोन कॉलम करते, आणि मग साध्या मल्टिचॅनेलपेक्षा वेळ फारसा वाचत नाही. आमच्या प्रयोगशाळेत हे पिपेट घेताना प्रोटीनच्या मोजमापाचा विचार झाला होता, त्या कामाला ते उत्तम आहे. ज्यांचे मुख्य काम एलायझा आहे त्यांनी १२०० किंवा १२५० मायक्रोलिटरच्या आठ चॅनेलकडेच बघावे.

महाग द्रव असेल तर हाच मोड नुकसानीचा. क्यूपीसीआरच्या मास्टर मिक्सचे (एन्झाइम वगैरे एकत्र केलेल्या मिश्रणाचे) दोन भाग दर वेळी टाकून देणे मनाला पटत नाही, आणि परवडतही नाही. तिथे मी रिव्हर्स पिपेटिंग वापरते: ठरलेल्यापेक्षा थोडे जास्त ओढायचे, ठरलेले तेवढेच सोडायचे आणि जास्तीचे परत मूळ ट्यूबमध्ये. हा मोड बहुतेक इलेक्ट्रॉनिक पिपेट्समध्ये तयार असतो. शिवाय रिपीट डिस्पेन्समध्ये टिपचे टोक आधीच सॅम्पल असलेल्या वेलला लागले तर पुढचे सगळे वेल बाद. म्हणून शक्य तिथे आधी रीएजंट, मग सॅम्पल असा क्रम ठेवावा.

मिक्सिंगचा मोड सीरियल डायल्यूशनला (द्रावण पायरीपायरीने पातळ करत जायला) फार उपयोगी आहे. किती आकारमान, किती वेळा वरखाली, हे ठरवून ठेवले की प्रत्येक पायरीला सारखेच मिसळले जाते. मिसळायचे आकारमान वेलमधल्या एकूण द्रवापेक्षा बरेच कमी ठेवावे, नाहीतर हवा ओढली जाऊन बुडबुडे होतात. आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते: शेवटच्या ब्लो-आउटनंतर (उरलेला थेंब बाहेर ढकलल्यावर) बटण सोडू नका. बटण दाबलेलेच ठेवून टिप द्रवाबाहेर काढा, मग सोडा. बऱ्याच मॉडेल्समध्ये बटण सुटताच पिस्टन मूळ जागी परत येतो, आणि टिप द्रवात असेल तर सोडलेला द्रव पुन्हा वर चढतो. साध्या पिपेटवर शिकलेल्या माणसाचा अंगठा सवयीने वर येतोच, त्यामुळे ही सवय मुद्दाम मोडावी लागते.

अंगठ्याविषयी थोडे जास्त बोलायला हवे, कारण आपल्या क्षेत्रात या दुखण्याकडे कोणी गांभीर्याने बघत नाही. दिवसभर प्लंजर (साध्या पिपेटचा दाबायचा दांडा) दाबणाऱ्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटाच्या कडेला दुखू लागते, त्यातून डी कर्व्हेनसारखा स्नायुबंधांचा त्रास होऊ शकतो. स्वीडनमधल्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या १९९४ च्या एका अभ्यासात वर्षाला ३०० तासांपेक्षा जास्त पिपेटिंग आणि हात-खांद्यांच्या तक्रारी यांचा संबंध दिसला होता. वर्षभरात ३०० तास म्हणजे कामाच्या दिवसाला सव्वा-दीड तास. इतके काम तर कितीतरी जण करतात. इलेक्ट्रॉनिक पिपेटने प्लंजरचा जोर पूर्णपणे जातो, आणि आमच्याकडे ज्यांचा अंगठा दुखत असे त्यांनी हा फरक सर्वांत आधी सांगितला. पण दोन गोष्टी राहतात. पहिली, वजन. बॅटरी आणि मोटरमुळे ते साध्या पिपेटपेक्षा चांगलेच जड असते, आणि हात वर धरून काम केले तर त्रास अंगठ्यातून खांद्यात जातो. खुर्ची उंच करा, कोपर टेकवा, प्लेट जवळ घ्या. दुसरी, टिप काढणे. अनेक मॉडेल्समध्ये टिप अजूनही अंगठ्याच्याच जोराने निघते. टिप जितकी ठोकून बसवाल तितका जोर काढताना लागेल. हलक्या दाबाने बसणाऱ्या आणि सहज सुटणाऱ्या टिप्स असलेले मॉडेल मिळत असेल तर त्याला झुकते माप द्यावे.

आठ चॅनेलच्या पिपेटमध्ये सगळ्यांत जास्त लक्ष टिप्सकडेच द्यावे लागते. आठही टिप्स सारख्या बसल्या नाहीत तर एखादीतून हवा गळते आणि त्या ओळीचे आकडे पूर्ण प्लेटभर कमी येतात. द्रव ओढल्यावर पिपेट डोळ्यांच्या उंचीला आणून आठही टिप्समधली पातळी एका रेषेत आहे का, हे मी दर भरणीला बघते. मोटर कितीही चांगली असली तरी गळकी टिप तिला कळत नाही.

तसेच बाकीच्या सवयींचे. टिप २ ते ३ मिलिमीटरच बुडवणे, ओढताना पिपेट उभे धरणे, नव्या टिपमध्ये द्रव दोनतीनदा ओढून सोडणे, फ्रिजमधून काढलेला बफर खोलीच्या तापमानाला येऊ देणे. हे सगळे आधीसारखेच पाळावे लागते. ॲसिटोन, मेथनॉल, क्लोरोफॉर्म यांची वाफ टिपमधल्या हवेत मिसळते आणि टिप आपोआप टपकू लागते, ते इथेही होते. अशा द्रवांना आणि खूप घट्ट द्रवांना सिरिंजसारख्या टिपचे, हवा मध्ये न येऊ देणारे डिस्पेन्सर हवे. १-२ मायक्रोलिटरच्या मापात तर मला इलेक्ट्रॉनिकचा फायदा जाणवला नाही. तिथे थेंब टिपच्या टोकाला चिकटतो की वेलच्या भिंतीला, यावरच सगळे ठरते.

निवडताना आकारमानाचा पल्लाही बघा. १००० च्या पिपेटने १०० घेताना तीच ८ मायक्रोलिटरची तफावत आली तर ती ८ टक्के होते. स्क्रीनवर हवा तो आकडा टाकता येतो म्हणून पल्ल्याच्या तळाशी काम करायचा मोह होतो, तो टाळावा. बटणांच्या रचना तर खूपच वेगळ्या आहेत. एपेनडॉर्फ एक्सप्लोररला अंगठ्याखाली वर-खाली दाबायचे बटण आणि मोड निवडायला गोल चकती आहे, रेनिन ई४ एक्सएलएसला जॉयस्टिक, इंटेग्रा विआफ्लोला बोटाने फिरवायचे चाक. यातले कोणते बरे, हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठरवू नका. डेमोसाठी मागवा, ग्लोव्हज घालून, आपल्या प्लेटवर, आपल्या टिप्सनी एक पूर्ण प्रयोग करून बघा. डावखुऱ्या माणसांना आवर्जून वापरायला द्या. त्याच कंपनीच्या टिप्स लागणार असतील तर त्या सतत मिळतील का, बॅटरी स्वतः बदलता येते का, चार्जिंग चालू असताना काम करता येते का, आणि कॅलिब्रेशनला (माप तपासून जुळवायला) पाठवल्यावर किती दिवसांनी परत येते, हे आधीच विचारा.

देखभाल फार नाही. बॅटरीसाठी आम्ही पिपेट वापरून झाले की लगेच स्टँडवर लावतो. ते उभेच राहते हा त्यातला मोठा फायदा, कारण टिपमध्ये द्रव असताना पिपेट आडवे ठेवले की द्रव आत शिरतो आणि इथे आत मोटर आहे. पूर्ण पिपेट ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) होत नाही. काही मॉडेल्सचा फक्त खालचा भाग होतो. स्वच्छतेला ७० टक्के अल्कोहोलने ओला केलेला कपडा, थेट फवारा नाही. वार्षिक कॅलिब्रेशनच्या मध्ये आम्ही स्वतः तराजूवर तपासतो: डिस्टिल्ड पाणी, २० अंश तापमान, दहा मापे. १०० मायक्रोलिटर पाण्याचे वजन साधारण ९९.७ मिलिग्रॅम भरायला हवे. त्याहून लहान मापांना ०.०१ मिलिग्रॅम दाखवणारा तराजू लागतो.

एक त्रास अनेकांनी मिळून वापरल्यामुळे होतो. आधीच्या माणसाने मोड किंवा वेग बदलून ठेवलेला असतो आणि पुढचा थेट काम सुरू करतो. आम्ही प्रत्येक प्रोटोकॉलचा प्रोग्रॅम नावाने साठवला आहे, आणि काम सुरू करणाऱ्याने स्क्रीनवरचे नाव, आकारमान आणि वेग वहीत लिहायचे असे ठरवले आहे. लिहायच्या निमित्ताने स्क्रीन वाचली जाते.

पुढची खरेदी होईल तेव्हा मी १२५० मायक्रोलिटरचे आठ चॅनेल मागणार आहे, कारण त्यात १०० चे बारा भाग एका भरणीत बसतात आणि वर ५० उरतात. १० मायक्रोलिटरचे इलेक्ट्रॉनिक मात्र घेणार नाही. ते पैसे सिरिंजच्या डिस्पेन्सरवर खर्च व्हावेत असे मी सुचवले आहे.